न बांधलेले रिंगण

२५ मार्च २०१९ रोजी अमेरिकेतील फिलाडेल्फिया शहरात एका इमारतीची घोषणा झाली. कॉमकास्ट स्पेक्टाकोर ही क्रीडाव्यवसायातील कंपनी आणि कॉर्डिश कंपनीज हे बांधकाम व्यावसायिक यांनी मिळून ५ कोटी डॉलर खर्चाचे, ६०,००० चौरस फुटांचे आणि सुमारे ३,५०० प्रेक्षक बसतील असे एक क्रीडागृह उभारण्याचे ठरवले होते. त्याचे नाव 'फ्यूजन अरीना'. तेथे चेंडू असणार नव्हता, बर्फही असणार नव्हते. मंचावर समोरासमोर संगणक मांडून खेळाडूंचे दोन संघ बसणार आणि त्यांच्या पडद्यांवरील युद्ध प्रेक्षक डोक्यावरच्या विशाल पडद्यावर पाहणार, अशी कल्पना होती. आराखडा पॉप्युलस या जगभर क्रीडागृहे बांधणाऱ्या वास्तुसंस्थेचा होता. दारे २०२१ च्या आरंभी उघडायची होती.

ती उघडली नाहीत. इमारत पुढे ढकलली गेली, मग तिच्याविषयी बोलणे कमी झाले आणि अखेर ती ज्या खेळासाठी योजली होती तो खेळ, ज्या स्पर्धेसाठी होती ती स्पर्धा आणि ज्या संघाची होती तो संघ, तिन्ही नाहीसे झाले. इमारतींचा इतिहास आपण उभ्या राहिलेल्या दगडविटांवरून लिहितो, त्यामुळे न झालेल्या इमारती त्यातून निसटतात. परंतु या न झालेल्या इमारतीने एका जुन्या संबंधाविषयी, म्हणजे शहर आणि खेळ यांच्या नात्याविषयी, जे उघड केले ते झालेल्या पुष्कळ इमारतींनी केलेले नाही.

घोषणा हादेखील एक वाङ्मयप्रकार आहे आणि तो बारकाईने वाचण्यासारखा असतो. फ्यूजन अरीनाचे वर्णन 'पश्चिम गोलार्धातील पहिले, नव्याने बांधलेले, खास ई-स्पोर्ट्ससाठीचे क्रीडागृह' अशा आशयाचे होते. यातील प्रत्येक विशेषण कोणाला तरी दाराबाहेर ठेवण्यासाठी आलेले आहे. 'पश्चिम गोलार्धातील' म्हटले, कारण पूर्वेला दक्षिण कोरियात अशी स्थळे दीड दशकापूर्वीपासून होती. 'नव्याने बांधलेले' म्हटले, कारण टेक्सासमधील आर्लिंग्टन शहराने २०१८ च्या नोव्हेंबरात आपल्याच जुन्या संमेलनगृहाचे १ कोटी डॉलरमध्ये रूपांतर करून असे क्रीडागृह आधीच उघडले होते, आणि त्याचा आराखडाही पॉप्युलसचाच होता. 'खास ई-स्पोर्ट्ससाठीचे' म्हटले, कारण बास्केटबॉलच्या मैदानांत हे सामने पूर्वीच भरत असत. विशेषणे एकेक करून काढून टाकली तर 'पहिले' हा शब्द एकटा उभा राहू शकत नाही. सोबतच्या संकल्पचित्रांत मात्र गर्दी होती, हात उंचावलेली माणसे होती. संकल्पचित्रांतील प्रेक्षक नेहमीच आनंदी असतात. त्यांना तिकीट काढावे लागत नाही आणि पावसात बस गाठावी लागत नाही.

ज्या वाचकांचा या विश्वाशी परिचय नाही त्यांच्यासाठी थोडी पार्श्वभूमी. 'ओव्हरवॉच' हा ब्लिझार्ड एंटरटेनमेंट या कॅलिफोर्नियातील कंपनीचा संगणकखेळ मे २०१६ मध्ये बाजारात आला. सहा विरुद्ध सहा खेळाडूंची ती चकमक. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात कंपनीने 'ओव्हरवॉच लीग'ची घोषणा केली. या स्पर्धेची नवलाई खेळात नव्हती, नावांत होती. तोपर्यंत अशा स्पर्धांत उतरणाऱ्या संघांना प्रायोजकांची किंवा मनास येईल ती नावे असत. येथे प्रत्येक संघाला एका शहराचे नाव मिळणार होते: बॉस्टन, लंडन, सोल, शांघाय. संघ विकत घेण्याची किंमत सुमारे २ कोटी डॉलर असल्याचे त्या वेळी छापून आले. फिलाडेल्फियाचा संघ घेतला कॉमकास्ट स्पेक्टाकोरने. त्या शहराचा आइस हॉकीचा 'फ्लायर्स' हा संघही तिचाच. नव्या संघाचे नाव 'फिलाडेल्फिया फ्यूजन' ठेवले गेले.

१० जानेवारी २०१८ रोजी बारा संघांनिशी पहिला हंगाम सुरू झाला, तो सर्वस्वी लॉस एंजलिसजवळच्या बर्बँक येथे, एका जुन्या दूरचित्रवाणी चित्रीकरणगृहात. जॉनी कार्सनचा 'टुनाइट शो' ज्या आवारात वर्षानुवर्षे चित्रित होई तेथेच आता लंडन आणि सोल 'एकमेकांच्या शहराविरुद्ध' खेळत होते. खेळाडू राहत कॅलिफोर्नियात, सराव करत कॅलिफोर्नियात, छातीवर नाव मात्र दूरच्या गावाचे. फ्यूजनने त्या वर्षी अंतिम फेरी गाठली आणि जुलैत ब्रुकलिनमध्ये लंडनच्या संघाकडून हार पत्करली. ज्या शहरासाठी हे चालले होते तेथे संघाने तोवर हंगामाचा एकही सामना खेळला नव्हता. इमारतीची गरज येथून निर्माण झाली. नाव आधी आले, गाव मागाहून शोधायचे होते.

हा क्रम कोरियात उलटा होता आणि म्हणून त्याकडे पाहिले पाहिजे. 'स्टारक्राफ्ट' हा ब्लिझार्डचाच १९९८ चा खेळ कोरियातील संगणककेंद्रांत, ज्यांना तेथे 'पीसी बांग' म्हणतात, तासाच्या भाड्याने खेळणाऱ्या तरुणांनी मोठा केला. २००० साली 'ऑनगेमनेट' ही केवळ अशा सामन्यांची वाहिनी सुरू झाली. २००४ च्या जुलैत बुसान शहराच्या ग्वांगाल्ली समुद्रकिनाऱ्यावर झालेल्या अंतिम सामन्याला एक लाख माणसे जमल्याचे सांगितले जाते. हा आकडा कदाचित उत्साहाने फुगवलेला असेल, परंतु वाळूत बसून संगणकखेळ पाहायला आलेल्या त्या गर्दीची छायाचित्रे खोटी नाहीत. त्यानंतर २००५ मध्ये सोलच्या योंगसान भागातील एका बाजारसंकुलात कायमचे ई-स्पोर्ट्सगृह आले. आधी खेळणारे, मग पाहणारे, मग वाहिनी आणि सर्वांत शेवटी खोली, असा तो प्रवास.

पण कोरियाच्या कथेत एक गाठ होती. हा खेळ होता कोणाचा? क्रीडासंघटना सामने भरवत होती, वाहिन्या प्रक्षेपणाचे हक्क विकत होत्या आणि खेळ ज्याने लिहिला ती कंपनी बाहेरून पाहत होती. २०१० साली ब्लिझार्डने हे हक्क तिसऱ्याच कंपनीला दिले आणि प्रक्षेपण चालू ठेवणाऱ्या वाहिन्यांवर दावे लावले. २०११ मध्ये तडजोड झाली. फुटबॉलचा किंवा कबड्डीचा नियमकर्ता असू शकतो, मालक असू शकत नाही. येथे मात्र प्रत्येक गोळी, प्रत्येक भिंत आणि प्रत्येक पात्राची उडी ही कायद्याने एका कंपनीची मालमत्ता होती. ओव्हरवॉच लीग ही या वादातून कंपनीने घेतलेल्या धड्याची परिणती आहे, असे मला वाटते. या वेळी खेळ, स्पर्धा आणि संघांचे परवाने तिने पहिल्या दिवसापासून स्वतःच्या हाती ठेवले. शहरांनी फक्त नाव आणि छप्पर द्यायचे होते.

छपरासाठी निवडलेली जागा फिलाडेल्फियाच्या दक्षिण टोकाला होती. तेथे फुटबॉल, बेसबॉल आणि हॉकी-बास्केटबॉल यांची तीन मोठी मैदाने वाहनतळांच्या समुद्रात बेटांसारखी उभी आहेत. फ्यूजन अरीना 'एक्सफिनिटी लाइव्ह' या खानपानसंकुलाशेजारी येणार होते, आणि हे संकुल स्वतः एका पाडलेल्या क्रीडागृहाच्या जागेवर २०१२ साली उभे राहिलेले. त्या जुन्या क्रीडागृहाचे नाव 'स्पेक्ट्रम'. १९६६ च्या उन्हाळ्यात त्याचे खोदकाम सुरू झाले आणि १९६७ च्या सप्टेंबरअखेर ते उघडलेही. घाईची किंमत लगेच मोजावी लागली. १९६८ च्या मार्चमध्ये वाऱ्याने छपराचा भाग उडवला आणि फ्लायर्सना हंगामातले उरलेले 'घरचे' सामने परगावी, क्वेबेकपर्यंत जाऊन, खेळावे लागले. पण क्वेबेकमध्ये खेळूनही तो संघ फिलाडेल्फियाचाच राहिला. छप्पर दुरुस्त झाले, संघ परत आला आणि स्पेक्ट्रम आणखी चार दशके चालले. छप्पर गेल्यावर टिकणारे नाते आणि छप्पर आल्यावर जुळेल अशी आशा असलेले नाते, यांतला भेद अर्ध्या शतकाच्या अंतराने त्याच वाहनतळावर पाहायला मिळतो.

२०१९ चे वर्ष योजनेला अनुकूल गेले. लीग आता वीस संघांची झाली होती. २९ सप्टेंबरला तिचा अंतिम सामना फिलाडेल्फियातच, ज्याला तेव्हा वेल्स फार्गो सेंटर म्हणत त्या मोठ्या क्रीडागृहात झाला आणि सॅन फ्रान्सिस्कोच्या संघाने व्हँकुव्हरला एकही डाव न देता हरवले. शेजारच्या मोकळ्या जागेत फ्यूजन अरीनाची पायाभरणीही त्याच सुमारास झाली. पुढच्या हंगामापासून संघ आपापल्या शहरी राहणार आणि तेथेच यजमान म्हणून सामने भरवणार, असे ठरलेले होते. नवे घर तयार नसल्यामुळे फ्यूजनने फेब्रुवारी २०२० मधील आपले पहिले घरचे सामने शहरातील 'द मेट' या रंगगृहात घेतले.

या तात्पुरत्या घराविषयी थोडे थांबून लिहिणे भाग आहे. 'द मेट' हे ऑस्कर हॅमरस्टीन या खटपट्या नाट्यव्यावसायिकाने संगीतिकेसाठी बांधलेले नाट्यगृह. ते १९०८ च्या नोव्हेंबरात बिझेच्या 'कार्मेन'ने उघडले. हॅमरस्टीनने न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेराशी स्पर्धा आरंभली होती. ती परवडेना तेव्हा १९१० मध्ये त्याने हे गृह त्याच प्रतिस्पर्ध्याला विकून टाकले आणि त्यावरून 'मेट' हे नाव पडले. पुढच्या शतकात या वास्तूत मूकपट दाखवले गेले, नाचगृह चालले, मुष्टियुद्ध, कुस्ती आणि बास्केटबॉलचे सामने झाले, मग चर्च आले, मग पडझड झाली. दुरुस्तीनंतर २०१८ च्या डिसेंबरात ते संगीतगृह म्हणून पुन्हा उघडले. त्याची प्रेक्षकक्षमता सुमारे साडेतीन हजार, म्हणजे नव्या अरीनाच्या आराखड्यात होती जवळजवळ तितकीच. एकशे अकरा वर्षांच्या त्या सोनेरी सज्ज्यांखाली दोन दिवस 'खास ई-स्पोर्ट्ससाठी' न बांधलेल्या जागेत ई-स्पोर्ट्सचे सामने व्यवस्थित पार पडले. एका वास्तूने इतक्या कला आणि इतके खेळ पोसले, कारण तिच्या नावात यांपैकी कशाचीही अट नव्हती. हेतूशी फार घट्ट बांधलेली इमारत हेतूबरोबर म्हातारी होते.

पुढचा भाग झपाट्याने सांगता येतो. मार्च २०२० मध्ये महासाथीमुळे घरचे सामने रद्द झाले आणि लीग खेळाडूंच्या खोल्यांतून, जाळ्यावरून सुरू राहिली. येथे एक क्रूर विनोद आहे. फुटबॉल आणि हॉकी थांबले, मात्र ज्या एका खेळासाठी नवे गृह बांधायचे होते तो गृहाशिवाय चालू शकतो हे सर्वांसमोर सिद्ध झाले. बांधकाम लांबले. फ्यूजनचे बहुतेक खेळाडू कोरियन होते. प्रवासबंदीच्या काळात २०२१ चा हंगाम संघाने सोलहून, आशियाच्या गटात खेळला. २०२२ चाही तसाच गेला. २०२३ च्या हंगामाआधी संघाने फिलाडेल्फिया हे नाव टाकले आणि तो 'सोल इन्फर्नल' झाला. 'सोल डायनॅस्टी' हा संघ आधीपासून होताच, म्हणजे एकाच शहराचे दोन संघ झाले. 'कार्पे' या टोपणनावाने खेळणारा फ्यूजनचा प्रसिद्ध कोरियन नेमबाज पाच हंगाम फिलाडेल्फियाच्या नावाने खेळला. तो कोरियाहून फिलाडेल्फियाला आला आणि काही वर्षांनी संघच त्याच्या देशात गेला.

दिरंगाई, महासाथ आणि पैसा ही कारणे खरीच आहेत, परंतु तेवढ्यावर थांबलो तर मुख्य गोष्ट हातची जाते. समजा, इमारत २०२१ मध्ये वेळेवर उघडली असती. तर काय झाले असते? ऑक्टोबर २०२२ मध्ये ब्लिझार्डने 'ओव्हरवॉच २' आणला आणि त्याच आठवड्यात मूळ 'ओव्हरवॉच'ची यंत्रणा बंद केली. तो खेळ विकत घेतलेल्या माणसालाही तो पुन्हा खेळता येईना. नव्या आवृत्तीत संघ सहांऐवजी पाचांचा झाला. २०२३ च्या उन्हाळ्यात संघमालकांसमोर पर्याय आला: स्पर्धेत राहायचे की प्रत्येकी ६० लाख डॉलर घेऊन बाहेर पडायचे. त्या ऑक्टोबरात मायक्रोसॉफ्टने ब्लिझार्डची पालक कंपनीच सुमारे ६९ अब्ज डॉलरला विकत घेतली, आणि नोव्हेंबरात लीग संपल्याचे जाहीर झाले. म्हणजे वेळेवर झालेले फ्यूजन अरीना आपल्या खेळापेक्षा जवळजवळ पाच वर्षांनी आणि आपल्या स्पर्धेपेक्षा तीनएक वर्षांनी लहान ठरले असते, आणि पुढची चाळीस वर्षे त्याने कशाची वाट पाहायची होती, हे आराखड्यात कोठेच नव्हते.

आपल्याकडच्या एका रिंगणाची आठवण येथे अपरिहार्य आहे. १९०२ च्या युरोपप्रवासात रोमचे प्राचीन क्रीडागार पाहून आलेल्या शाहू महाराजांनी कोल्हापुरात खासबाग मैदान बांधून घेतले, ते १९१२ मध्ये खुले झाले. राजाश्रय गेला, संस्थान विलीन झाले, पण लाल मातीतल्या कुस्तीला 'यंत्रणा बंद' करणारा मालक नव्हता, म्हणून मैदानाला खेळ उरला. उलट बाजूचे उदाहरणही घरचेच आहे. २ सप्टेंबर २०२० रोजी सरकारने 'पबजी मोबाईल'वर बंदी घातली तेव्हा पुण्या-नागपुरातल्या वसतिगृहांतून चाललेला एक खेळ एका आदेशाने थांबला. तो दुसऱ्या नावाने २०२१ मध्ये आला, २०२२ मध्ये दुकानांतून पुन्हा काढला गेला, २०२३ मध्ये परतला. त्या खेळासाठी एखाद्या महापालिकेने २०१९ साली इमारत मंजूर केली असती तर तिच्या बांधकामाच्या अवधीत खेळाचे दोन मृत्यू आणि दोन पुनर्जन्म झाले असते. विटांचा काळ वर्षांत मोजला जातो, अशा खेळांचा आठवड्यांत. आणि हा आठवडा कधी संपवायचा हे ठरवण्याचा अधिकार शहराकडे नसतो.

फिलाडेल्फिया एकटे नव्हते, म्हणून टोरोंटोचा उल्लेख. तेथील 'ओव्हरॲक्टिव्ह मीडिया' या संघमालक कंपनीने फेब्रुवारी २०२१ मध्ये, ऐन महासाथीत, ७,००० आसनांच्या गृहाची आणि त्याला जोडून हॉटेलची योजना मांडली. खर्च ५० कोटी कॅनेडियन डॉलर, आराखडा पुन्हा पॉप्युलसचा, उद्घाटन २०२५ मध्ये. जागा 'एक्झिबिशन प्लेस' या नगरपालिकेच्या मालकीच्या मैदानावरची. या घोषणेत एक शहाणपण डोकावत होते. वर्षाला दोनशे कार्यक्रमांची अपेक्षा सांगताना त्यांतील बहुतेक संगीताचे असतील, हे मान्य केलेले होते. ई-स्पोर्ट्स हे नाव बातमीसाठी आणि गायक भाड्यासाठी, अशी ती विभागणी. २०२५ आले नि गेले, ते गृह काही उघडले नाही.

या सगळ्यात मला सर्वांत विचार करायला लावते ती एक अनुपस्थिती. फिलाडेल्फियातच २०२२ च्या जुलैत बास्केटबॉलच्या 'सेव्हंटीसिक्सर्स' संघाने शहराच्या मध्यभागी, चायनाटाउनच्या कडेला, १३० कोटी डॉलरचे क्रीडागृह बांधण्याचे ठरवले. चायनाटाउनच्या रहिवाशांनी २००० साली बेसबॉलचे मैदान आणि २००८ साली जुगारगृह आपल्या वस्तीजवळ येऊ दिले नव्हते. ते पुन्हा रस्त्यावर आले. मोर्चे निघाले, अहवाल लिहिले गेले, नगरसभेत सुनावण्या झाल्या. डिसेंबर २०२४ मध्ये नगरसभेने मंजुरी दिली आणि महिना उलटायच्या आत, जानेवारी २०२५ मध्ये, संघमालकांनी स्वतःच ती योजना सोडून दक्षिणेच्या जुन्या संकुलातच कॉमकास्ट स्पेक्टाकोरबरोबर नवे गृह बांधायचे ठरवले. रहिवाशांच्या मनात त्या फसवणुकीची कटुता राहणारच. पण तेथे निदान शहर बोलले होते. बाजूने, विरुद्ध, रडून, ओरडून बोलले होते. फ्यूजन अरीना रस्त्यांवरचा असा कोणताही झगडा न होता जन्मले आणि तसेच गेले. वाहनतळाच्या कोपऱ्यात ते येणार होते, कोणाचे घर पडणार नव्हते, कोणाची आठवण दुखावणार नव्हती. ज्या इमारतीला विरोधक मिळत नाहीत तिला पुष्कळदा वारसही मिळत नाहीत.

याचा अर्थ तेथे कोणी नव्हतेच असा मात्र नाही, आणि संगणकखेळांना तुच्छ लेखणाऱ्या आपल्या वर्गाने हे ध्यानात ठेवावे. 'मेट'मध्ये त्या फेब्रुवारीत नारिंगी सदरे घालून आलेल्या मुलांनी दोन वर्षे कॅलिफोर्नियातून येणाऱ्या चित्रावर समाधान मानले होते. आपल्या गावाचे नाव छातीवर लावलेला खेळाडू आपल्या गावात पाहण्याची संधी त्यांना मिळाली ती तेव्हा. त्यांची निष्ठा कृत्रिम नव्हती. जिच्यावर ती ठेवायची ती वस्तू भाड्याची होती, एवढेच. सेव्हंटीसिक्सर्सचा चाहता संघमालकावर रागावून गल्लीत जाऊन बास्केटबॉल खेळू शकतो. फ्यूजनच्या चाहत्याकडे रागावून खेळण्यासाठी मूळ खेळही उरला नाही.

लीगचा शेवटचा सामना १ ऑक्टोबर २०२३ रोजी टोरोंटोत झाला. सात हजार आसनांचे नवे गृह नव्हतेच, म्हणून तो एका विद्यापीठाच्या क्रीडासंकुलात घेतला गेला. हे संकुल म्हणजे जुने 'मेपल लीफ गार्डन्स', १९३१ साली ऐन महामंदीत, मजुरीचा काही भाग समभागांत देऊन पाचसाडेपाच महिन्यांत उभारलेले बर्फाचे रिंगण. फ्लोरिडाच्या संघाने ह्यूस्टनला हरवले. पुढच्या वर्षी ब्लिझार्डने नवी स्पर्धा सुरू केली. तिच्यात संघांची नावे शहरांवरून ठेवण्याची अट नाही.